स्क्रीन काढली आणि भाव वाढवला : साध्या रेंजफाइंडरची गोष्ट

आजचा भाग कॅमेऱ्यावर आहे. पण 'कुठला कॅमेरा घेऊ?' याचं उत्तर शोधत आला असाल तर जरा थांबा, कारण आज आपण इतिहासात शिरणार आहोत. आणि सुरुवात करणार आहोत एका विचित्र किमतीपासून.

नोव्हेंबर २०१५ मध्ये लायका या जर्मन कंपनीने एक कॅमेरा काढला. (अंतराळात गेलेली लायका ती वेगळी. हे नाव 'लाइट्झ' आणि 'कॅमेरा' या दोन शब्दांच्या सुरुवाती जोडून झालंय.) कॅमेऱ्याचं नाव एम टाइप २६२. कंपनीचा मोठा कॅमेरा तेव्हा एम टाइप २४० होता. त्यात व्हिडिओ होता, स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय होती, वरून जोडायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर चालायचा. टाइप २६२ मध्ये यातलं काहीच नाही. सेन्सर तसाच २४ मेगापिक्सेलचा, लेन्सा त्याच, फक्त बाकीचं काढून टाकलेलं. अमेरिकेत किंमत ५,१९५ डॉलर, मोठ्या भावापेक्षा कमी. त्या वेळच्या दराने फक्त बॉडीच साडेतीन लाखांच्या घरात जाते, तरी हिशोब कळतो. कमी वस्तू, कमी पैसे.

मग पाचच महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच कंपनीने एम-डी नावाचा कॅमेरा आणला. हा म्हणजे टाइप २६२ च, पण मागची स्क्रीनसुद्धा काढलेली. डिजिटल कॅमेरा आणि स्क्रीन नाही! स्क्रीनच्या जागी आयएसओची एक गोल चकती. मेनू नाही, फोटो बघायची सोय नाही, डिलीटचं बटण नाही. किंमत? ५,९९५ डॉलर. स्क्रीन काढली आणि ८०० डॉलर वाढवले.

बोईसरच्या बाजारात कोणी मेथीची जुडी अर्धी करून भाव वाढवून सांगितला तर त्याला काय ऐकावं लागेल, कल्पना करा. इथे मात्र लोकांनी कॅमेरा घेतला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला हा किस्सा सोडवत नाही. आमच्याकडे फीचर टाकायला मीटिंग लागते, पण काढायला दहा मीटिंगा लागतात. कोणीतरी एक जण कुठेतरी ते वापरत असतोच. म्हणून सगळं साठत जातं. तुमच्या फोनचा कॅमेरा उघडा आणि खालचे मोड मोजा. शेवटचा मोड शेवटचा कधी वापरला होता? आठवत नसेल. मग काढून टाकणं हे कोणाला, कधी आणि का जमलं, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते बघू.

आता ऐकता ऐकता एक करून बघा. गाडी चालवत असाल तर नको. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि मागे लांबवर काहीतरी ठेवा. आमच्या सालवडला असाल तर एमआयडीसीतली एखादी चिमणी घ्या. डावा डोळा मिटा, मग उजवा मिटा. अंगठा चिमणीच्या इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला तर उडी मोठी होते, लांब नेला तर लहान. म्हणजे उडीवरून अंतर सांगता येतं. रेंजफाइंडर हेच करतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात, थोड्या अंतरावर, दोन डोळ्यांसारख्या. आत आरसा आणि प्रिझम लावून दुसऱ्या खिडकीतलं चित्र पहिलीच्या मधोमध एका छोट्या चौकोनात आणतात. लेन्सची कडी फिरवली की तो चौकोन सरकतो, आणि दोन चित्रं एकावर एक बसली की फोकस झाला. मोटर नाही, बॅटरी नाही. लेन्सच्या मागच्या कडेवर एक चाक टेकलेलं असतं, बस तेवढंच.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तुम्ही लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघता. फोटोत किती येणार हे सांगायला खिडकीत पांढऱ्या रेघांची चौकट दिसते, आणि चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. कोण चौकटीत शिरतंय, कोण निघून चाललंय, ते आधीच कळतं. फोनवर तसं नाही. स्क्रीनवर जेवढं आलं तेवढंच जग.

हे सगळं आलं कुठून? वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत ओस्कार बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म घेऊन खिशात मावेल असा कॅमेरा जोडला. तेव्हाचे चांगले कॅमेरे काचेच्या प्लेटा आणि तिकाटणं घेऊन फिरायचे. बार्नाकने सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट चौकट घेतली, २४ बाय ३६ मिलिमीटर. आज ज्याला आपण फुल फ्रेम म्हणतो ते हेच माप. मध्ये पहिलं महायुद्ध झालं आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांपुढे आला. १९३२ च्या मॉडेलमध्ये लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला. १९५४ मध्ये एम-३ आला आणि चौकट आणि फोकस एकाच खिडकीत बसले.

एम-३ कौतुकाचाच होता, पण मला जास्त आवडते ती त्याच्यानंतरच्या एम-२ ची गोष्ट. १९५७-५८ मध्ये स्वस्त भाऊ म्हणून एम-२ आणला. किती फोटो झाले हे सांगणारा आकडा एम-३ मध्ये आपोआप शून्यावर यायचा. एम-२ मध्ये तो हाताने फिरवायला लागायचा. म्हणजे उघड उघड काटकसर. खिडकीतलं चित्रही एम-३ पेक्षा लहान दिसायचं, साधारण ०.७२ पट. पण चित्र लहान, म्हणून खिडकीत जागा जास्त, आणि म्हणून ३५ मिलिमीटर लेन्सची रुंद चौकट तिथे सरळ बसली. रस्त्यावर, बाजारात, घरात फोटो काढणाऱ्यांना तीच लेन्स हवी होती. गंमत बघा, पुढच्या एम-४ मध्ये आणि नंतरच्या बहुतेक मॉडेलांत खिडकी एम-२ च्याच मापाची राहिली. स्वस्त म्हणून काढलेल्या भावाची खिडकी पुढे घराण्याची झाली. हे डोक्यात ठेवा, असंच पुन्हा एकदा होणार आहे.

आता या छोट्या कॅमेऱ्याने आपल्या देशात काय केलं ते सांगतो. त्याआधी एक वेगळाच, मोठा कॅमेरा. १९४६, पुणे. 'लाइफ' मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याबरोबर फोटो काढायला आली होती. तिला सांगितलं गेलं, आधी सूत कातायला शिका. ती शिकली. मग सांगितलं, फ्लॅशचे दिवे फक्त तीन वापरायचे. पहिले दोन फोटो बिघडले. तिसऱ्या दिव्यावर जो आला तो तुम्ही शाळेच्या पुस्तकापासून पोस्टरपर्यंत कुठे ना कुठे पाहिलेला असतो : पुढे चरखा, मागे कागद वाचणारे गांधीजी. म्हणजे हातात मोठा सरंजाम होता आणि मर्यादा बाहेरून घातली गेली होती.

दीड-दोन वर्षांनी दिल्लीत आँरी कार्तिए-ब्रेसाँ आला. याने मर्यादा स्वतःच घातलेल्या. हातात लायका, बहुतेक वेळा एकच ५० मिलिमीटरची लेन्स, फ्लॅश कधीच नाही. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी तो गांधीजींना भेटला आणि त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. तो परत बिर्ला हाउसवर पोचला. फाटकावर नेहरू लोकांना बातमी सांगत होते, आणि उजेड होता तो एका दिव्याचा. तो फोटो हललेला आहे, दाणेदार आहे, माणसं नीट दिसतही नाहीत. आजच्या फोनच्या नाइट मोडने तो 'सुधारून' दिला असता. मला विचाराल तर तो फोटो जसा आहे तसाच त्या रात्रीसारखा आहे. त्याच रात्री बर्क-व्हाइटने आत फ्लॅश मारला तेव्हा लोक चिडले आणि तिच्या कॅमेऱ्यातली फिल्म काढायला लावली गेली. दोघंही आपापल्या कामात मोठी माणसं. फरक हत्याराचा होता. लहान आणि मुकाट कॅमेरा माणसांच्या दुःखात उभा राहू शकला, दिवा नाही.

मग एवढं चांगलं चाललं होतं तर गाडी कुठे अडली? १९५९ मध्ये जपानमधून निकॉन एफ आला. त्यात लेन्समधूनच बघायचं, लांबची लेन्स लावायची, जे दिसतं तेच मिळतं. वर्तमानपत्रांची माणसं तिकडे वळली, आणि बरोबरच होतं. क्रिकेटच्या मैदानावर रेंजफाइंडर घेऊन काय करणार? मग लायकाने तेच केलं जे घाबरलेली प्रत्येक कंपनी करते, फीचर वाढवलं. १९७१ च्या एम-५ मध्ये लेन्समधून उजेड मोजणारा मीटर बसवला. उपयोगी होता, पण कॅमेरा फुगला आणि जुन्या गिऱ्हाइकांनी तोंड फिरवलं. चार वर्षांत तो बंद पडला. मग १९७७ मध्ये कॅनडातल्या कारखान्यातून एम-४-२ काढला. मीटर नाही, जुन्या एम-४ मध्ये असलेला सेल्फ टायमरही नाही. मागे जाऊन कंपनी वाचली. हे पहिल्यांदा झालं ते नाइलाजाने, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्याचंच तत्त्वज्ञान झालं.

डिजिटलच्या काळात पहिला रेंजफाइंडर मात्र लायकाने काढलाच नाही. तो काढला एपसनने. हो, प्रिंटरवाली एपसन. २००४ सालचा आर-डी-१. नागानो प्रांतातल्याच कोसिना कंपनीची बॉडी आणि ६ मेगापिक्सेलचा सेन्सर. आजच्या फोनपुढे काहीच नाही. पण त्यात दोन गोष्टी अशा होत्या की आजही लोक तो जपून ठेवतात. एक, प्रत्येक फोटोआधी अंगठ्याने खटका ओढायचा. फिल्म नाही तर खटका कशाला? शटर ताणायला. वर घड्याळासारखी तबकडी होती. एपसन म्हणजे सेको घड्याळांच्या घराण्यातली, त्यामुळे किती फोटो उरले, बॅटरी किती, हे काटे सांगायचे. आणि दुसरी गोष्ट माझी आवडती. मागची स्क्रीन बिजागरीवर होती, उलटी करून बंद करता यायची. मग मागे नुसती चामड्यासारखी पाठ दिसायची. स्क्रीन हवी त्याला स्क्रीन, नको त्याला नको. एका बिजागरीत भांडण मिटवलं. पुढे २०१८ मध्ये लायकाने एम-१०-डी मध्ये तसाच दिसणारा खटका दिला, पण तो अंगठा टेकवायलाच, बाकी काही करत नाही. एपसनचा खटका काम करायचा. हा शोभेचा. मला हसू आलं होतं.

लायकाचा पहिला डिजिटल एम-८ २००६ मध्ये आला. त्यात काळे कृत्रिम कपडे जांभळट दिसायचे, म्हणून लेन्सवर वेगळा फिल्टर लावायला लागायचा. ९ सप्टेंबर २००९ ला एम-९ आला, फुल फ्रेमचा. इथवर सगळं नेहमीसारखं, वर्षागणिक वाढत जाणारं.

मग २०१२ मध्ये त्यांनी एम मोनोक्रोम काढला, जो फक्त काळेपांढरे फोटो काढतो. तुम्ही म्हणाल, रंगीत काढून काळापांढरा करता येतोच की. येतो. पण आतलं यंत्र समजून घ्या. सेन्सरला रंग कळत नाही, त्याला उजेड किती एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात, आणि शेजाऱ्यांना विचारून प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग अंदाजाने भरतात. ही काच बराच उजेड खाते. काच काढली की उजेड जास्त पोचतो आणि शेजाऱ्यांना विचारायची गरजही राहत नाही, म्हणून बारकावे कडक येतात. म्हणजे इथे काढून टाकण्याने खरंच काहीतरी मिळालं. आमच्या पालघरच्या भिंतींवर वारली चित्रं गेरूवर तांदळाच्या पांढऱ्याने काढतात, दोन रंगांत अख्खं लग्न आणि अख्खी शेती मावते. त्यात कोणाला काही कमी वाटलेलं मी ऐकलेलं नाही.

मोनोक्रोममध्ये मिळालं ते मोजता येतं. टाइप २६२ मध्ये काय मिळालं? वरची पट्टी पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून वजन साधारण ८० ग्रॅम कमी. शटरचा आवाज कमी. वरचं व्हिडिओचं बटण गेलं. बाकी सगळं डोक्यातलं. आणि इथे एम-२ ची गोष्ट पुन्हा झाली बघा. जानेवारी २०१७ मध्ये लायकाचा पुढचा मोठा कॅमेरा एम-१० आला, आणि त्यात व्हिडिओ नव्हता. बॉडी बारीक होऊन जुन्या फिल्म कॅमेऱ्याएवढी झाली होती. २०२२ च्या एम-११ मध्येही व्हिडिओ आला नाही. स्वस्त भावाने जे सोडलं ते थोरल्याने नंतर सोडलं. एखादी गोष्ट काढून बघायची असेल तर आधी धाकट्यावर बघतात, हे आमच्या धंद्यातही चालतं. आधी थोड्या लोकांवर, मग सगळ्यांवर.

एम-डी चं मात्र वेगळं आहे. स्क्रीन काढून किंमत वाढवणं हे यंत्राचं कारण नव्हे, ते दुकानाचं कारण आहे. साधेपणा हा माल झाला. दोन वर्षं आधी, २०१४ मध्ये, एम-३ ला ६० वर्षं झाली म्हणून असाच बिनस्क्रीनचा कॅमेरा त्यांनी ६०० संचांत काढला होता, तेव्हा घेणारे आहेत हे कळलं होतं. म्हणून मी म्हणतो, टाइप २६२ निवडणारा आणि एम-डी निवडणारा, दोघांनाही 'साधेपणा आवडतो' असं एकाच दमात म्हणू नका. एकाने न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे वाचवले. दुसऱ्याने मोह टाळायचे पैसे भरले. दुसऱ्याची मी थट्टा करत नाही. जिमची फी भरतो आपण, पायऱ्या फुकट असताना.

आणि आता आपल्याकडे या. कारण साधा कॅमेरा ही आपल्याकडे कधी निवड नव्हतीच. चौकोनी, पांढऱ्या किनारीचे काळेपांढरे फोटो आजीच्या ट्रंकेत असतात ना? त्यातले कितीतरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री नावाच्या कॅमेऱ्याचे असतील. तो बनायचा वडोदऱ्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. म्हणजे बोईसरवरून जाणाऱ्या याच रेल्वेलाइनवर, गुजरातकडे. प्लास्टिकची बॉडी, फोकस ठरलेला, शटरची गती ठरलेली. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं. १२० ची फिल्म घालायची, एका रोलमध्ये १२ फोटो. परदेशी कॅमेऱ्यावर आयात कर इतका की सामान्य माणसाने विचारूच नये. लायकाचा मालक वेट्झलारमध्ये 'कमी' निवडत होता, आणि आपले आजोबा 'कमी' मध्येच राहत होते.

आमच्या घरात वडिलांच्या अख्ख्या लहानपणाचे मिळून एका रोलपेक्षा कमी फोटो आहेत. पण प्रत्येकाच्या मागे शाईने लिहिलंय : कोण, कुठे, कुठल्या सणाला. माझ्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत आणि एकाच्याही मागे काही लिहिलेलं नाही. फोन म्हणेल, तारीख आणि जागा मी लिहितो की. लिहितो. पण 'डावीकडून तिसरी ती आत्या, मागचं चिंचेचं झाड आता नाही' हे तो लिहीत नाही.

हे मी आत्ता का बोलतोय, तर आमचा भाग झपाट्याने बदलतोय म्हणून. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी आली. केंद्राचे तिसरे आणि चौथे संच २००५-०६ मध्ये चालू झाले, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. आता बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला येतंय, मालगाड्यांची वेगळी लाइन आली, आणि वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाला. कोणाला ही कामं हवीत, कोणाला नकोत, तो वाद आज माझा विषय नाही. पण उठलेल्या गावातल्या माणसाला विचारा, घराच्या ओट्याचा एक फोटो काय किमतीचा असतो. तो फोटो लायकाने काढला की क्लिक थ्रीने, याच्याशी त्याला काय घेणं?

म्हणून आम्ही चार मित्र मिळून सालवड, नवापूर, दांडी, चिंचणी असं फिरून फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा कॅमेऱ्याचा प्रश्न आला. सेकंडहँड टाइप २६२ बघितला. सेकंडहँडसुद्धा आमच्या चौघांच्या बजेटमध्ये बसेना. वर किनाऱ्याची खारी हवा आणि आमच्याकडचा पावसाळा. लेन्स कपाटात पडून राहिली तर बुरशी धरते. रेंजफाइंडरला आणखी एक दुखणं असतं, धक्के बसून आतला आरसा जरासा हलला की चौकोन जुळलेला दिसतो पण फोकस चुकतो. सकाळच्या डहाणू–चर्चगेट लोकलमध्ये धक्के किती बसतात ते मी सांगायला नको. मग एका मित्राचा जुना साधा डिजिटल कॅमेरा घेतला, त्यावर एकच लेन्स ठेवली आणि मागच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी मारली. एका दिवसाला फोटो ३६, फिल्मच्या रोलएवढे. रेंजफाइंडर नाही हा. पण त्याच्यातून जे घ्यायचं होतं ते घेतलं.

फोकसची युक्तीही रेंजफाइंडरवाल्यांचीच उचलली. फुल फ्रेमवर ३५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/८, आणि फोकस ३ मीटरवर ठेवून सोडून द्या. मग साधारण २ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे ओट्यावर बसलेली आजी ते अंगणाच्या टोकाचं तुळशी वृंदावन. कॅमेरा डोळ्याला लावला की दाबायचं, बस. हे गणित आहे, जादू नाही, आणि कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतं ज्याचा फोकस हाताने ठेवता येतो.

स्क्रीन झाकल्याने काय झालं? पहिल्या दिवशी चौघंही दर फोटोनंतर कॅमेऱ्याची पाठ बघत होतो. पट्टीच दिसायची. दुपारपर्यंत सवय गेली, आणि मग रिकाम्या झालेल्या त्या दोन-तीन सेकंदांत आम्ही समोरच्या माणसाशी बोलायला लागलो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीजवळच्या मावशींनी नाव सांगितलं, वल कोणाची ते सांगितलं, आणि आम्ही वहीत लिहिलं. ३६ फोटोंची नावं लिहायला एक संध्याकाळ पुरते. ४०० फोटोंची कोणी लिहीत नाही. मला वाटतं फीचर कमी असण्याचा आमच्यासाठी खरा फायदा हा झाला, फोटोच्या दर्जाचा नाही. दर्जाच्या बाबतीत सांगायचं तर फोनने तेच फोटो जास्त चकचकीत आले असते.

आणि जिथे हे चालत नाही ते पण सांगतो. एका पाड्यावर रात्री तारपा सुरू झाला. तारपा वाजवणारा मध्ये, हातात हात गुंफलेली साखळी त्याच्याभोवती फिरते. याचा एक थांबलेला फोटो काढून काय मिळणार? आवाज नाही, फेर नाही, पाय कधी उचलला ते नाही. तिथे आम्ही कॅमेरा बॅगेत ठेवला आणि फोन काढला, व्हिडिओ घेतला, आवाजासकट. टाइप २६२ असता तरी तेच केलं असतं. व्हिडिओ हे 'फालतू फीचर' आहे असं जर्मनीतल्या कोणाला वाटू शकतं, आमच्याकडे नाही. अणुकेंद्राच्या बाजूला तर फोन, कॅमेरा दोन्ही बॅगेतच. तिथे फोटोला मनाई आहे, आणि ती पाळायची.

आता एक काम तुम्हाला. घरातले ते चौकोनी फोटो काढा आणि उलटे करा. कितीतरी फोटोंच्या मागे फिल्म धुणाऱ्या स्टुडिओचा शिक्का असतो. पालघर, डहाणू, बोईसर, वसई, कुठलाही. शिक्का असेल तर स्टुडिओचं नाव आणि गाव वहीत लिहा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून फोटोतली नावंही. मागे लिहिणार असाल तर पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. पुढच्या भागात आपण याच स्टुडिओंबद्दल बोलू : अंधाऱ्या खोलीत लाल दिवा का लागायचा, आणि पावसाळ्यात फोटो वाळायला इतके दिवस का लागायचे.